जुन्या ड्रिलिंगमध्ये कुठलं काडतूस घालायचं आणि कुठलं अजिबात नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी बऱ्याच ड्रिलिंग, म्हणजे तीन नळ्यांच्या शिकारी बंदुका घरी आणल्या, त्यामुळे आजही इकडे अमेरिकेत गन शोमध्ये किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या सामानाच्या सेलमध्ये एखादी हाती लागते. वर शेजारी शेजारी छर्‍यांच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक नळी, बाजूला कोरीव काम, बघितली की मोह होतोच. पण घेतलीत तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: काडतूस आत बसलं आणि बंदूक बंद झाली म्हणजे ते त्या बंदुकीचंच आहे असं नाही. या जुन्या जर्मन बंदुकांत चुकीचं काडतूसही मस्त बसतं, आणि तिथेच बोटं नि डोळे जातात. म्हणून आधी बंदूक वाचायची, दुकानात नंतर जायचं.

बंदूक उघडून तिन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघा, आणि हो, पाठीवरची पुढेमागे सरकणारी पट्टी म्हणजे सेफ्टी असं धरून चालू नका, बऱ्याच ड्रिलिंगमध्ये ती छर्‍याची नळी की रायफलची नळी हे ठरवते आणि खरी सेफ्टी डाव्या बाजूला असते. आता नळ्या काढा, उलट्या करा आणि चेंबरखालच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाखालच्या, सपाट जागेवर भिंग धरा, तिथे तपासणीचे शिक्के असतात. मुकुटाखाली एस म्हणजे छर्‍याची नळी, मुकुटाखाली जी म्हणजे रायफलिंग असलेली, डब्ल्यू म्हणजे चोक, नळीचं तोंडाशी अरुंद केलेलं टोक. सगळ्यात महत्त्वाचं अक्षर एन, म्हणजे ती नळी नायट्रो, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे. १९३९ च्या कायद्यानंतर, म्हणजे १९४० पासून, मुकुटाच्या जागी गरुड आला, तेव्हा गरुडाखाली एन दिसेल. एन नाही, नायट्रो असा शब्दही नाही, किंवा नळीवर दमास्कसची वेलबुट्टी दिसतेय, तर तिथेच थांबा. ती काळ्या दारूसाठी असू शकते आणि आजचं कुठलंही साधं काडतूस तिच्यात घालायचं नाही, जुन्या दुनळी-तिनळीचं काम करणारा गनस्मिथ बघून सांगेपर्यंत ती भिंतीवरच बरी.

सूल या जर्मन गावात तपासलेल्या बऱ्याच बंदुकांवर ३ २८ असे आकडे सापडतात, ते म्हणजे मार्च १९२८. रायफलच्या नळीखाली ११८,३५ सारखा विचित्र आकडा दिसला तर तो काडतुसाचा नंबर समजू नका, तो नळीच्या आतल्या मापाचा गेज आहे, बारा-सोळा बोअर मोजतात त्याच पद्धतीचा. शेजारी बारीक अक्षरात ‘एसटी.एम.जी. १२,७ ग्रॅम’ असं असेल तर ती सोन्यासारखी माहिती आहे, कारण तो जॅकेट असलेल्या गोळीचा वजनाचा शिक्का आहे, १२.७ ग्रॅम म्हणजे १९६ ग्रेन. हे सगळे शिक्के फोनवर फोटो काढून मोठे करून बघा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

आता छर्‍यांच्या नळ्या. जुन्या ड्रिलिंग बहुतेक सोळा बोअरच्या, आणि युद्धाच्या आधीच्या असतील तर चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचा, आजचं नेहमीचं काडतूस मात्र ७० चं. गंमत अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यानंतर उलगडलेल्या खोक्याची, म्हणजे काडतुसाच्या आवरणाची असते, त्यामुळे तोंड मुडपलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं. बार उडाला की ते तोंड उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. नळीवर १६/७० असं स्पष्ट असेल तर ठीक. काहीच लिहिलं नसेल तर ६५ समजूनच चाला आणि चेंबर गेज टाकून मोजा, गेज महाग नसतो. ६५ ची काडतुसं मिळतात, एली आणि गेमबोर यांची आहेत, हलका लोड घ्या. कुणी म्हणेल की चेंबर रीमरने लांब करून घे, मी म्हणेन नको, पातळ जुन्या नळीतून धातू काढून टाकायचा आणि वर पुन्हा नवा दाब द्यायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

चोक बहुतेक फुल असतो. स्टीलचे छर्रे त्यातून अजिबात घालू नका, जुना मऊ पोलाद, घट्ट चोक, नळीला फुगवटा येतो आणि नळ्या एकमेकांना सोल्डरने जोडलेल्या असतात तो जोडही सुटतो. अमेरिकेत बदकांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, म्हणून तळ्यावर जाणार असाल तर बिस्मथ या धातूचे छर्रे घ्या, महाग आहे पण नळीपेक्षा नाही. बारा बोअरची ड्रिलिंग असेल तर वीस बोअरचं काडतूस खिशातसुद्धा ठेवायचं नाही, ते घसरून नळीत अडकतं, मागून बारा बोअरचं बसतं आणि नळी फुटते. म्हणूनच वीसचं खोकं पिवळं असतं.

रायफलच्या नळीकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. ८×५७ जेआर आणि ८×५७ जेआरएस ही दोन काडतुसं, नावात फक्त एका एसचा फरक, पण पहिल्याची गोळी .३१८ इंच आणि दुसऱ्याची .३२३. जर्मन सैन्याने १९०५ मध्ये जाडी वाढवलेली गोळी आणली तिथून हा घोळ सुरू झाला. जाड गोळी बारीक नळीत ढकलली की दाब कुठल्या कुठे जातो. सेलियर अँड बेलो आजही दोन्ही बनवते, तेव्हा डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचा. शिक्क्यावरून खात्री पटत नसेल तर नळी स्लग करा, म्हणजे मऊ शिशाची गोळी थोडं तेल लावून पितळी दांड्याने नळीतून हळूहळू पार करायची आणि बाहेर आलेल्या गोळीचा सगळ्यात रुंद व्यास मायक्रोमीटरने मोजायचा.

चेंबरसाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, उकळत्या पाण्याच्या आतच वितळतो. चेंबरच्या पुढे कापडाचा बोळा, वरून ओतायचं, घट्ट झालं की बाहेर ढकलायचं. तो आधी आकसतो, मग फुगतो, साधारण एका तासाने चेंबरचं खरं माप देतो, तेव्हाच कॅलिपर लावा, आधी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ९.३×७२ आर ची बंदूक असेल तर हे कराच, कारण त्या काळी नळीची मापं आणि काडतुसाच्या कडेची जाडी एकसारखी नव्हती. आणि ऑर्डर देताना ते ९.३×७४ आर शी गोंधळू नका: पहिल्याचा कमाल दाब सीआयपी या बंदूक-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनुसार २००० बार, दुसऱ्याचा ३४००. हे दोन वेगळेच प्राणी आहेत.

इकडची सॅव्हेज २४, म्हणजे एक रायफलची आणि एक छर्‍याची अशी दोन नळ्यांची अमेरिकन बंदूक, असेल तर काम सोपं, काडतुसाचं नाव नळीवरच असतं. .४१० मध्ये तीन इंच की अडीच इंच ते बघा, .४५ कोल्ट बसतं म्हणून घालू नका, आणि .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये साधं .२२ लाँग रायफल घातलं तर खोकं फाटून गॅस मागे येतो. भारतात आजोबांची अशी बंदूक घरात असेल तर लायसनवर लिहिलेल्या बोअरचंच काडतूस, तेही लायसनवाल्या दुकानातूनच.

काडतूस ठरलं तरी बंदूक तपासा. पुढचं लाकूड काढून नळ्या बंद करा, हाताने हलवून बघा, खुळखुळ होत असेल किंवा नळी आणि मागच्या भिंतीच्या मध्ये उजेड दिसत असेल तर आधी दुरुस्ती.

पहिले बार खांद्याला लावून नको. रेंजवर बंदूक रेस्टमध्ये नीट बांधा, लांबून दोरीने चाप ओढा, एका वेळी एकच नळी. रिकामं खोकं लगेच उचलून बघा. छर्‍याच्या खोक्याचं तोंड झिजलेलं किंवा फाटलेलं असेल तर चेंबर आखूड आहे. रायफलच्या खोक्याचा प्रायमर, म्हणजे बुडाची टोपी, चपटा झालाय, पितळेवर चीर दिसतेय, किंवा खोकं काढायला जोर लावावा लागतोय, यातलं एकही दिसलं तर दुसरा बार उडवायचा नाही, तो डबा बाजूला ठेवायचा आणि खोकं बंदुकीबरोबरच गनस्मिथकडे न्यायचं.