सर्वो (दिलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) हलला की आर्डुइनो (त्याला चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो?
कोडमध्ये चूक शोधत बसू नका, आधी व्होल्टेज मोजा. तेही सर्वो चालू असताना. नुसत्या बोर्डवर मीटर ५ व्होल्ट दाखवणारच. सर्वोचा हात बोटाने क्षणभर अडवा आणि आकडा बघा. ४.५ च्या खाली घसरला तर दोष पुरवठ्याचाच (मीटर संथ असतो, खरी घसरण याहून मोठी असते). एसजी९० सारखा छोटासा सर्वो सुद्धा अडकला की अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो, आणि यूएसबी २.० पोर्टची मर्यादाच ५०० मिलिअँपिअर.

सर्वोला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर द्या. अ‍ॅडॉप्टर आणि आर्डुइनो दोन्हींचे ग्राउंड (मायनस टोक) मात्र एकमेकांना जोडाच, नाहीतर सर्वो नुसता थरथरत राहतो. सर्वोच्या वायरींजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. कपॅसिटरवर पट्टी असलेल्या बाजूचा पाय ग्राउंडला.