पन्नास माणसांचे तर्री पोहे: आदल्या दिवसापासूनची तयारी

लग्नघरात जेवणाला आचारी असतोच, पण हळदीच्या सकाळचा नाश्ता मी अजूनही घरच्या ओट्यावर आणि अंगणातल्या भट्टीवर करते. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालेले पाहुणे थंडीत कुडकुडत घरी पोचतात, आंघोळी उरकतात आणि त्यांच्या हातात वाफाळते पोहे आणि वर चण्याच्या रश्श्याची लालभडक तर्री येते. नागपूरला आल्याची खूण त्यांना तिथेच पटते. दोन बाया आणि एक चपळ पोरगा एवढ्या मनुष्यबळात पन्नास जणांचं होतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. तर्रीचं जेवढं काम रात्री उरकता येईल तेवढं उरकायचं, आणि पोह्यांना पाहुणे अंघोळीला गेल्याशिवाय पाणी दाखवायचं नाही. पुढचं सगळं या हिशोबाने लिहिलं आहे.

आधी माणसं मोजा, आणि मोजताना विचाराही. पन्नासांत लहान पोरं किती, कांदा-लसूण न खाणारे किती, त्या दिवशी गुरुवार किंवा एकादशी धरणारं कोणी आहे का. उपवासवाल्यांची साबुदाण्याची सोय वेगळी करावी लागते आणि ती सकाळी सहाला आठवून उपयोग नाही, साबुदाणा रात्रीच भिजतो. बिनकांद्या-लसणाचे चार-पाच जण असतील तर त्यांच्यासाठी वाटीभर चणे मसाला पडायच्या आधीच बाजूला काढायचे, एवढंच कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

किराण्याचा हिशोब असा. मोठ्या माणसाला ८० ग्रॅम कोरडे पोहे धरले की पोट भरतं, म्हणजे पन्नासांना ४ किलो. मी ५ किलो आणते. जास्तीचा किलो कोराच राहतो, वाया जात नाही, आणि पाच माणसं अचानक वाढली तर अब्रू राखतो. पोहे जाडच हवेत. पातळ पोह्यांचा चिवडाच चांगला, तर्रीखाली त्यांचा लगदा होतो. इतवारी बाजारात दुकानासमोर उभं राहून मूठभर पोहे हातात घ्यावेत, दाबावेत, बोटांना पीठ लागलं तर दुसरं पोतं उघडायला सांगावं. त्यात चुरा फार असला की कितीही जपून भिजवा, गोळा होणारच. चणे दीड किलो, काळे, म्हणजे आपले गावरान हरभरे. काबुली घेऊ नका, त्यांच्यात तर्रीचा रंग बसत नाही आणि चवही पिठूळ लागते. कांदे ५ किलो: दोन पोह्यांत, दीड तर्रीत, एक वरून घालायला बारीक चिरलेला, आणि उरलेला अर्धा किलो सडक्या कांद्यांचा तोटा. हिरव्या मिरच्या पाव किलो, टोमॅटो पाऊण किलो, आलं-लसूण दोन्ही मिळून ४०० ग्रॅम, लिंबं १५, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे अर्धा किलो, शेव किंवा चिवडा दीड किलो. गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, दोन जुड्या. सांबार भरपूर, पाच-सहा जुड्या. बाहेरगावची सून भाजी आणायला जाणार असेल तर तिला सांगून ठेवा की नागपुरात सांबार म्हटलं की भाजीवाला कोथिंबीर देतो. भाजी कॉटन मार्केटमधून आदल्या सकाळी आणली तर सांबार दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहतो. ओल्या फडक्यात गुंडाळा, देठ कापू नका.

मसाल्यावर मात्र वेळ घाला. तर्री ही सावजी रश्श्याच्या अंगाने जाते, आणि सावजी चव आली ती इथल्या हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरून. त्या चुलीवरचं सगळं इथे लागत नाही, पण धने, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, मसाला वेलची, लवंग, मिरे आणि दालचिनी एवढं लागतंच. पन्नास जणांना धने १०० ग्रॅम, खोबरं पाव किलो, खसखस ५० ग्रॅम, दगडफूल मूठभर, बाकी खडा मसाला सगळा मिळून ४० ग्रॅम. तिखट दोन प्रकारचं घ्या. तिखटपणाला भिवापुरी, ७५ ग्रॅम. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापूरची ही मिरची, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रंगाला ब्याडगी, १०० ग्रॅम. पाहुणे कोकण-पुण्याकडचे जास्त असतील तर भिवापुरी अर्धी करा, ब्याडगी तेवढीच ठेवा. रंग उतरत नाही आणि कोणाच्या डोळ्यांतून पाणीही येत नाही. तेल तर्रीला एक लिटर आणि पोह्यांना पाऊण लिटर. सावजी रश्श्यात जवसाचं तेल घालायची जुनी रीत आहे आणि मला ते आवडतं, पण नवख्या माणसाला त्याचा वास उग्र वाटतो, म्हणून मी फल्लीचं तेल वापरते.

भांडी भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून आदल्या दुपारीच आणून घासून घ्या. त्यांचा एक पंधरा-वीस लिटरचा गंज (मोठं पातेलं), एक मोठी लोखंडी कढई, दोन पराती, भोकांची मोठी रोळी, लांब दांड्याचा सराटा (उलथणं), दोन वगराळी (खोलगट पळ्या) आणि भट्टी. घरच्या गॅसवर वीस लिटरचा गंज नीट बसत नाही, कलंडायची भीती असते. भट्टी रात्रीच पेटवून पाहा. नळी, रेग्युलेटर, सिलिंडर भरलेला आहे की नाही, हे अंधारात पाच वाजता कळलं तर कोणाचं दार वाजवणार?

आदल्या संध्याकाळी सात वाजता चणे निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजवा. मिठाने साल मऊ पडते. खायचा सोडा मी घालत नाही, त्याने साली सुटून रश्श्यात तरंगतात. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात दहा तास लागतात. उन्हाळ्यात आठ पुरे, आणि एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास येतो. त्याच रात्री मसाला भाजायचा. खोबरं आणि खसखस मंद आचेवर वेगवेगळी, कारण खसखस एका क्षणात करपते आणि एकदा करपली की अख्ख्या गंजाला कडवटपणा येतो. दीड किलो कांदा उभा चिरून तेलात तांबूस करा, आलं-लसूण घाला, सगळं एकत्र बारीक वाटा. हे वाटण तेलावर टाकून तेल सुटेपर्यंत परता. सुरुवातीला फसफसतं, मग शांत होतं, कडेला तेल दिसतं आणि सराटा फिरवला की तळ स्वच्छ दिसतो. तिथे थांबा. गार झालं की डब्यात भरून फ्रिजमध्ये. फल्लीदाणे रात्रीच तळून ठेवा. पोह्यांतला कांदा मात्र रात्री चिरू नका, सकाळपर्यंत तो कडू होतो आणि घरभर वास मारतो. पोरांना पाचला उठवा, चौघांत वीस मिनिटांत होतो.

सकाळी पाचला कुकर लावा. दीड किलो चणे भिजून तीन किलोंच्या वर जातात, आणि कुकर डाळी-कडधान्याने अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, म्हणून दोन खेप. पाच-सहा शिट्ट्या. चणा बोटांत दाबला की दबला पाहिजे पण फुटता कामा नये. चण्याचं शिजलेलं पाणी ओतून देणाऱ्यांना मी हात धरून थांबवलं आहे. तर्रीचा निम्मा जीव त्या पाण्यात असतो. टोमॅटो कुकरमध्ये घालू नका, आंबटपणाने चणे कडक राहतात. तो नंतर मसाल्यात जातो.

पावणेसहाला गंज भट्टीवर. उरलेलं तेल तापवा, पण धूर येऊ देऊ नका. आच कमी करून जिरे, गोडनिंब, हळद, मग दोन्ही तिखटं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तिखट तेलातच पडायला हवं. पण तेल फार तापलेलं असेल तर ते काळं पडतं आणि लाल तर्रीची आशा तिथेच संपते. तिखट पडल्यावर दहा-पंधरा सेकंदांत बारीक केलेला टोमॅटो घाला म्हणजे तेल निवतं. तो आटला की रात्रीचा मसाला, पुन्हा तेल सुटेपर्यंत. मग चणे, त्यांचं पाणी, आणि वरून कडकडीत गरम पाणी, एकूण दहा लिटरपर्यंत. गार पाणी घातलं तर तर्री वर यायला फार वेळ घेते. मीठ १०० ग्रॅमपासून सुरू करून चाखत वाढवा. दोन वगराळी चणे ठेचून परत सोडा, रश्श्याला अंग येतं. पीठ लावायची गरज पडत नाही. पहिली उकळी आली की आच मंद. चाळीस मिनिटं झाकण तिरकं ठेवून हळूहळू उकळू द्या, आणि उगाच ढवळत बसू नका. वर लाल तेलाचा थर साचतो, तीच तर्री. हा थर पुरेसा जमला की निम्मा वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवा. हे मी फार वर्षांनी शिकले. पहिल्या वीस ताटांत सगळी तर्री वाहून जाते आणि शेवटी जेवणाऱ्या व्याह्यांच्या वाट्याला पांढुरका रस्सा येतो. काढून ठेवलेली तर्री अर्ध्या पंगतीनंतर परत गंजात सोडा.

आता पोहे. पोहे आधीच शिजलेले असतात. धान भिजवून, भाजून, चेपून ते तयार होतात, त्यामुळे त्यांना पाणी फक्त मऊ व्हायला लागतं. एका साखरपुड्याला मी साडेपाचलाच चार किलो पोहे भिजवून पराती भरून ठेवल्या होत्या, कामं लवकर उरकावीत म्हणून. गाडी दोन तास उशिरा आली. खालचे पोहे वरच्यांच्या भाराने दबून त्यांची ढेप झाली आणि वरचे वाळून कडक. वाढताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पहिला पाहुणा बाथरूममधून बाहेर आल्याशिवाय मी रोळी ओली करत नाही. एका वेळी एकच किलो रोळीत घेऊन वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा, निथळायला दहा मिनिटं द्या, मग परातीत पसरून चार लहान चमचे मीठ आणि दोन साखर हलक्या हाताने लावा. कढईत दीडशे मिली तेल, मोहरी, गोडनिंब, मिरच्या, अर्धा किलो कांदा. कांदा पारदर्शक झाला की हळद, मग पोहे. सराट्याने खालून वर उलथायचं, दाबायचं नाही. वर झाकण, मंद आचेवर पाच मिनिटं वाफ. एका घाण्यात बारा-तेरा माणसं होतात. पहिला घाणा वाढायला घेतला की दुसरा रोळीत. पोहे कॅसरोलमध्ये भरून झाकू नका. झाकणाला घाम येतो, तो टपटप खाली पडतो आणि पोहे गिचका होतात. ठेवायचेच असतील तर उकळत्या पाण्याच्या गंजावर परात ठेवा आणि झाकणाखाली कोरडं फडकं घाला. तेही वीस मिनिटं, फार तर.

वाढताना आधी पोहे, त्यावर वगराळंभर चणे आणि रस्सा, मग वरची तर्री चमच्याने, कांदा, शेव, सांबार, लिंबाची फोड. पोरांच्या ताटात तर्रीऐवजी फल्लीदाणे आणि शेव. तर्रीचा गंज शेवटपर्यंत भट्टीवर उकळीच्या बेतात ठेवा, उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि तासा-दोन तासांवर राहिलेले पोहे कोणाला वाढू नका.

चहाचं वेगळं माणूस नेमा, भट्टीजवळच्या बाईच्या डोक्यावर चहा टाकू नका. चौथ्या घाण्यानंतर कढई उतरवू नका. तो राखून ठेवलेला पाचवा किलो आता धुवा. कांदा चिरणारी पोरं, भांडी घासायला आलेल्या मावशी, बिछायतवाला आणि भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या तुम्ही दोघी, तुमच्यासाठी हा घाणा. वेगळ्या पातेल्यातली तर्री त्यांच्यापुरती आठवणीने मागे ठेवा.