राखी की जांभळा? उडता बगळा ओळखताना

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडीतून फिरताना मी एका पहाटे वहीत ‘जांभळा बगळा’ असं लिहिलं, तेवढ्यात होडीवाले दादा म्हणाले, "ताई, रंगाचं सोडा, पाय बघा पाय." तो राखी निघाला. कोवळ्या उन्हात राखी बगळ्याचं पोटही तांबूस दिसतं. तेव्हापासून मी रंग सगळ्यात शेवटी बघते.

आधी मान. बगळा मान दुमडून उडतो. सरळ ताणलेली दिसली तर करकोचा किंवा रोहित (फ्लेमिंगो) असेल. फक्त उड्डाणाच्या पहिल्या काही फडफडींत बगळ्याचीही मान लांब असते, तेवढं थांबा. दुमडल्यावर राखीच्या गळ्याशी गोलसर पिशवी दिसते. जांभळ्याची मान बारीक, तिचा बाक जास्त खाली लोंबतो आणि कोपरासारखा टोकदार दिसतो.

मग पाय, आणि माझा खरा भरवसा यांच्यावरच. जांभळ्याची बोटं लांबलचक, तरंगत्या पाणवनस्पतींवर चालायला सोयीची. उडताना ती शेपटीमागे फाकलेली, विस्कटलेली दिसतात. राखीची जुळलेली असतात.

पंख वरून दिसले तर काम सोपं. राखीचा पुढचा भाग फिकट, मागची पिसं जवळजवळ काळी. समोरून येताना पंखांच्या पुढच्या कडेला दोन पांढुरके ठिपके गाडीच्या दिव्यांसारखे उठून दिसतात. जांभळ्याचा पंख एकंदर गडद, पण पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा पंख खालून पुढच्या बाजूला विटकरी असतो. राखीच्या पंखांचा पसारा १५५ ते १९५ सेंमी, जांभळ्याचा साधारण १२० ते १५०. पण एकटा पक्षी असेल तर आकारावर जाऊ नका.

उतरतो कुठे, तेही बघा. राखी बहुधा उघड्या काठावर, जांभळा पाणकणसात शिरून दिसेनासा होतो.

पांढऱ्यांमध्ये छोट्या बगळ्याचे काळे पाय आणि पिवळे पंजे मागे स्पष्ट दिसतात. गाय बगळा आखूड मानेचा, संध्याकाळी थव्याने परततो. मोठा आणि मध्यम उडताना वेगळे करायच्या फंदात सुरुवातीला पडू नका.

आणि एक कळकळीची विनंती: फोटोसाठी पक्षी उडवू नका. होडी लांबच थांबवायला सांगा, इंजिन बंद करा. अर्ध्या तासात दोन-चार बगळे आपणहून उठतात. तेव्हा कॅमेरा मांडीवर ठेवा आणि पेन्सिलीने फक्त मानेचा बाक आणि पाय काढा.