ज्युलिएट रोमिओला शोधत नव्हती: 'व्हेअरफोर'च्या चुका

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधली ज्युलिएट झाले होते. टेबलं जोडून केलेल्या सज्जात उभी राहिले, कपाळाशी हात धरून अंधारात इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटलं, "व्हेअरफोर आर्ट दाऊ, रोमिओ?" टाळ्या पडल्या. अर्थाचा मात्र पार बोऱ्या वाजला होता.

'व्हेअर' दिसलं की 'कुठे' असं धरून चालायचं, ही पहिली चूक. 'व्हेअरफोर' म्हणजे कशासाठी, का. त्याचा जोडीदार 'देअरफोर' अजून रोजच्या वापरात आहे, हा तेवढा अडगळीत पडला. शेक्सपिअरच्याच 'द कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये एक नोकर म्हणतो, प्रत्येक 'व्हाय'ला एक 'व्हेअरफोर' असतो.

ज्युलिएट कोणाला शोधत नाहीच. रोमिओ खाली बागेत उभा राहून ऐकतोय, याचा तिला पत्ताही नाही. तिचं दुखणं नावाचं आहे: जीव जडला तो नेमका वैऱ्याच्या, माँटेग्यूंच्या घरातल्या मुलावरच का? पुढच्याच ओळीत ती म्हणते, बापाला नाकार, नाव टाकून दे. म्हणून शेवटच्या 'रोमिओ'आधी स्वल्पविराम नको. ती हाक नाही. वाक्याचा सगळा भार त्याच नावावर आहे.

मराठीत आणताना आणखी एक खड्डा लागतो. "तू रोमिओ का?" असं लिहिलंत तर ती ओळख विचारतेय असं वाटेल. आपला 'का' शेवटी गेला की हो-नाहीचा प्रश्न होतो. "तू रोमिओच का असावास?" हे बरं.

'दाऊ' जुनं, म्हणजे भारदस्त, असं समजून 'आपण' लिहिणारेही भेटतात. तो साधा 'तू' आहे. नृत्याच्या रात्री पहिल्या भेटीत ज्युलिएट रोमिओला 'यू' म्हणते, सज्जात एकटी असताना 'दाऊ'. तुम्हीवरून तूवर येणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

पण 'व्हेअरफोर' म्हणजे नेहमी 'का'च, असंही घोकू नका. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, तो कित्येकदा वाक्याच्या सुरुवातीला 'म्हणून' या अर्थाने येतो. हिब्रूंस पत्राचा बारावा अध्याय त्यानेच उघडतो. तिथे 'का' घातलात तर उपदेशाची उलटतपासणी होईल.