डॉक्टरची सिंगल ओनर एसयूव्ही मिळतेय? घ्यायच्या आधी हे बघा

"डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर, फक्त २८ हजार चाललीय" असं एजंट म्हणाला की आपण तिथंच अर्धे विरघळतो. मीपण विरघळलो होतो. २०२३ च्या दिवाळीआधी साताऱ्यात एक २०२० ची बीएस-६ डिझेल ऑटोमॅटिक घेतली, आरशासारखी चकचकीत, सीटवरचं प्लॅस्टिक तेवढं काढलेलं. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. दोष हा होता की डॉक्टरांचं घर आणि दवाखाना यात तीन किलोमीटरचं अंतर, आणि गाडी तीन वर्षं तेवढीच ये-जा करत होती.

तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी म्हटलं चला, ऑइल भरपूर आहे म्हणजे बरंच आहे. त्याने दोन थेंब बोटावर चोळून माझ्या नाकाला लावले, डिझेलचा वास. "साहेब, ऑइल कमी झालं तर काळजी करायची, आणि वाढलं तर जास्त करायची."

झालं काय तर बीएस-६ डिझेलला (१ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत) सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. धुरातली काजळी तिथे अडकते आणि गाडी हायवेला एका लयीत पळाली की ती जाळी तापून काजळी जळून जाते. आता गाडी रोज तीनच किलोमीटर चालली तर जाळी तापणार कधी? मग गाडी स्वतःच जादा डिझेल मारून जाळी तापवायला घेते, आणि हे चालू असतानाच तुम्ही घरी पोचून चावी काढता. काजळी तशीच राहते आणि त्या जादा डिझेलमधलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतं. असं शंभर वेळा झालं की ऑइल पातळ होतं आणि मग टर्बोपासून बेअरिंगपर्यंत सगळ्यांची झीज सुरू.

म्हणून मालकाला "गाडी कशी आहे" हे विचारूच नका. कोण सांगणारे वाईट आहे म्हणून? असं विचारा की रोजचं जाणंयेणं किती, शेवटचा लांबचा प्रवास कधी केला, घरी अजून कोण चालवतं, पार्किंग उघड्यावर की शेडमध्ये, आणि टायर कधी बदलले. गप्पांच्या ओघात विचारायचं, चौकशी करतोय असं वाटलं की माणूस सावध होतो. कोल्हापूर-पुणे दर आठवड्याला मारणाऱ्या एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) ९० हजार चाललेली डिझेल मी आज डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून घेईन, आणि डॉक्टरांची २८ हजारवाली घ्यायची असेल तर पेट्रोल घेईन. तुमचंही रोजचं रनिंग दहा-पंधरा किलोमीटरच असेल तर डिझेलचा नाद सोडा.

डिझेलच घेणार असाल तर डिपस्टिक स्वतः बघा, वास घ्या. आणि नंतर कधी तो डीपीएफचा पिवळा दिवा लागलाच तर घाबरून गॅरेजला नेऊ नका, आधी मॅन्युअल वाचा, बहुतेक गाड्यांत हायवेला जाऊन एक गिअर खाली ठेवून दोन हजार आरपीएमच्या वर वीसेक मिनिटं चालवली की दिवा जातो. लाल दिवा किंवा इंजिनचा दिवा लागला तर मात्र थेट सर्व्हिस सेंटर.

आता मालक खरं बोलतोय का हे कसं कळणार, तर इन्शुरन्सची पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. पाच वर्षं जुनी गाडी, एकच मालक, "एक ओरखडा नाही" आणि बोनस शून्य किंवा २० टक्के, म्हणजे मध्ये कुठंतरी क्लेम घेतलाय, मग विचारा कशाचा. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये प्रत्येक वेळचं किलोमीटर रीडिंग बघा, मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथं सापडतो. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २०२१ च्या "३० हजार चाललेल्या" गाडीला २०२४ चे चारही टायर असतील तर पहिले टायर कुठं झिजले?

बघायला सकाळी लवकर जायचं आणि आधीच सांगून ठेवायचं की गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर आधी चालू करून काहीतरी लपवलंय असं धरून चाला. थंड गाडी चालू करताना पहिले पाच-दहा सेकंद कोणीही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, साखळीसारखा खळखळाट येतोय का, पाठीमागे निळा धूर येतोय का. एजंट नेमका तेव्हाच बडबड करतो, त्याला चहाला पाठवा.

ऑटोमॅटिक असेल तर कुठल्या जातीची ते नक्की विचारा, कारण "ऑटोमॅटिक आहे" एवढ्याने काही कळत नाही. टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यात सोशिक. सीव्हीटी गुळगुळीत, पण जोरात दाबली की इंजिन ओरडतं आणि गाडी सावकाश निघते, सवयीचा भाग आहे. ड्युअल क्लच पळायला भारी, पण ड्राय क्लचवाली (क्लच तेलात न बुडलेला) असेल तर इंच-इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापते. पुण्याच्या नवले पुलाला संध्याकाळी सहा वाजता टेस्ट ड्राईव्ह घ्या, मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरतेय का बघा. आणि चढावर एक्सिलेटरवर गाडी धरून ठेवायची सवय तुम्हाला असेल तर ती आजच सोडा, ब्रेक धरा.

आता आराम. इथं माझं मत जरा तिखट आहे, कारण लोक टेस्ट ड्राईव्ह घेतात ते ड्रायव्हर सीटवरून, गुळगुळीत रस्त्यावर, दहा मिनिटं, एसी आणि म्युझिक लावून. आणि मग घरातली माणसं पाच वर्षं मागं बसतात. आम्ही गाडी घेतल्यावर आईला घेऊन कराडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालो, घाट अर्धा उतरत नाही तोवर आई म्हणाली, "अरे थांबव जरा, यापेक्षा दाजींची जुनी गाडी बरी होती." मी पुढं बसून म्हणत होतो काय मस्त चाललीय! मागं जाऊन बसलो तेव्हा कळलं, सीट आखूड, मांडीला आधारच नाही, वळणावर माणूस इकडून तिकडे जातो आणि खड्डा आला की थेट कमरेत.

त्यामुळे घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर न्या आणि मागं बसवा. चढताना गुडघा किती उचलावा लागतोय ते बघा, सव्वाचार-साडेचार मीटरच्या या गाड्यांची म्हणजे क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा, एलिव्हेट वगैरेंची उंची त्रासाची नाही, पण दाराखालचा उंबरा रुंद असेल तर उतरताना साडीला चिखल लागतोच. मग वीसेक मिनिटं फिरवा, त्यातली पाच मिनिटं पेव्हर ब्लॉकवरून.

तेव्हाच कानही उघडे ठेवा. पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना पुढून बारीक टकटक आली तर बहुतेक लिंक रॉड, स्वस्तातलं काम. स्पीडब्रेकर उतरताना धप् आवाज आला तर शॉकअप किंवा वरचा माउंट, इथं भावात घासाघीस करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवताना कटकटकट आलं तर एक्सल. आणि खराब रस्त्यावर स्टिअरिंगच्या आतून खडखड हाताला जाणवली तर स्टिअरिंग रॅक, तो खर्च मोठा, शक्यतो गाडी सोडून द्या.

मागच्या सस्पेन्शनचा फरक सांगायला हवा. क्रेटा-सेल्टॉसला मागं टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एका दांडीने जोडलेली, त्यामुळं एक चाक खड्ड्यात गेलं तरी धक्का दोन्ही बाजूंना थोडा पोचतो. एक्सयूव्ही ७०० ला मागची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र हलतात, मोठी गाडी आहे आणि मागं बसून ते जाणवतं. पण यापेक्षा मोठा फरक टायर करतात, हे कोणी सांगत नाही. टॉप मॉडेलची १८ इंची चाकं दिसायला झकास, पण रबराची जाडी कमी, म्हणून आपल्या रस्त्यांवर खालच्या मॉडेलची १६-१७ इंची जास्त मऊ चालतात. आणि हवा! आमच्या गाडीत पंपवाल्याने ४० भरलेली होती, दारावरच्या स्टिकरवर ३३. सकाळी टायर थंड असताना ३३ केली आणि आईची निम्मी तक्रार तिथंच संपली. समृद्धीवर १२० ने जाणार असाल तर हवा आणि टायरचं वय दोन्ही बघूनच निघा, जुने टायर काँक्रीटवर तापून फुटतात.

पाण्याचंही बघाच. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ ला चिपळूण, त्यातल्या गाड्या धुऊन पुसून फिरतच असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातकट रेघ दिसली की मागे फिरा. डिकीतलं स्टेपनी उचलून खाली हात फिरवा. पॅनोरमिक सनरूफ असेल तर कोपऱ्यातल्या छताच्या कापडावर पिवळे डाग शोधा, ड्रेन पाइप तुंबला की पावसाळ्यात पाणी नेमकं खांद्यावर ठिबकतं. बायकोच्या खांद्यावर. त्याचं कारण पान अडकलंय हे पटवायला मला दोन आठवडे लागले.

कागद पटकन सांगतो. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून चलन आणि कर्ज बघा, कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं कर्ज काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि आधीच्या मालकाचा बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही. दिल्ली पासिंग डिझेल फार स्वस्त दिसली तर लक्षात घ्या की तिकडे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातलेली होती, त्यामुळेही ती इकडे आलेली असू शकते, आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बदला, मालकाने "कालच केलंय" म्हटलं तरी. गाडीच्या पैशांतून साठेक हजार बाजूला ठेवा, चार टायरच चाळीसच्या आसपास खातात. आणि केबिन फिल्टर स्वतः उघडून बघा, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, बऱ्याच गाड्यांत पाच मिनिटांचं काम. आमच्या एसीला महिनाभर कुजका वास येत होता, दोनदा गॅस तपासून झाला, परफ्यूम टांगून झालं, शेवटी फिल्टर ओढला तर त्याच्याबरोबर मूठभर शेंगांची टरफलं, कापूस आणि उंदराने व्यवस्थित कुरतडून अंथरलेली डॉक्टरांच्याच लेटरहेडची चिंध्यांची गादी बाहेर आली.