ताकदवान गाडीसाठी मागचा एक्सल कसा निवडावा

इंजिनाची ताकद वाढवली की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: मागचा एक्सल टिकेल का? उत्तरादाखल बहुतेक जण हॉर्सपॉवरचा आकडा सांगतात. ‘हा एक्सल ८०० हॉर्सपॉवर झेलतो’ असं वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, टायर कुठले? कारण टायर जागेवर फिरायला लागला की एक्सलवरचा भार तिथेच थांबतो. साध्या टायरवर वर्षानुवर्षं टिकलेला एक्सल ड्रॅग स्लिक (शर्यतीचे गुळगुळीत, जास्त पकडीचे टायर) लावल्यावर पहिल्यांदा जोरात सुटतानाच मोडू शकतो, इंजिन तेच असलं तरी.

१. आधी कागदावर हिशेब

दोन आकडे काढा. पहिला: इंजिनाचा टॉर्क गुणिले पहिल्या गिअरचं गुणोत्तर गुणिले डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचं) गुणोत्तर. समजा ६०० न्यूटन-मीटर, ३.० आणि ३.७३, म्हणजे एक्सलपर्यंत साधारण ६,७०० न्यूटन-मीटर पोहोचू शकतात.

दुसरा आकडा पकडीचा. गाडी १,६०० किलोची आहे आणि सुटताना ६० टक्के वजन मागे येतं असं धरू. मागच्या चाकांवर ९६० किलो, म्हणजे सुमारे ९,४०० न्यूटन. घर्षणांक १ आणि टायरची त्रिज्या ०.३३ मीटर धरली तर जमीन ३,१०० न्यूटन-मीटरच घेऊ शकते. त्याहून जास्त टॉर्क आला की टायर घसरणार. आता स्लिक लावा, घर्षणांक १.५ धरा आणि मागे ७५ टक्के वजन येऊ द्या. तोच आकडा ५,८०० च्या आसपास जातो.

दोन्हींतला लहान आकडा तुमच्या कामाचा. मात्र हा स्थिर भाराचा हिशेब झाला. क्लच झटक्यात सोडला, किंवा मागचं चाक उड्या मारू लागलं, तर क्षणभर भार याच्या कितीतरी वर जातो. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर जास्त मार्जिन ठेवा. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर बराचसा धक्का गिळतो. आणि चाक उड्या मारत असेल तर आधी सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी भाग) आणि आर्म नीट करा. त्यापुढे महागडा एक्सलही हरतो.

२. क्राउन व्हीलचा व्यास

डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन, आणि त्याला फिरवणारं लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन. क्राउन जितका मोठा तितके दाते जाड आणि दात्यांवरचा जोर कमी. अमेरिकन गाड्यांच्या जगात याची एक उतरंडच आहे. जनरल मोटर्सचा ७.५ इंची ‘टेन-बोल्ट’ एक्सल मोठ्या ताकदीसाठी सोडून द्या. फोर्डचा ८.८ इंची स्वस्तात भरपूर देतो, पण चाकांकडे जाणाऱ्या त्याच्या नळ्या मधल्या हाउसिंगमध्ये दाबून बसवलेल्या असतात. जोरात पळवायचा असेल तर त्या वेल्ड करून घ्याव्या लागतात. १९५७ पासून १९८६ पर्यंत बनलेला फोर्डचा ९ इंची आजही लोकप्रिय आहे. त्यात पिनियनच्या आतल्या टोकालाही एक बेअरिंग असतं, त्यामुळे भाराखाली पिनियन क्राउनपासून ढकललं जात नाही. शिवाय गुणोत्तर बदलायचं तर अख्खा मधला भाग पुढून काढून दुसरा बसवता येतो. तोटा असा, की त्याचं पिनियन बरंच खाली असतं, दाते एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद तिथेच जाते. डाना ६० या एक्सलचा क्राउन पावणेदहा इंचांचा. अतिशय दणकट, पण जड. आणि हे सगळं वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे खराब रस्त्यावर ते लगेच जाणवतं.

गुणोत्तर निवडताना एक गोष्ट सुटते. ३.५५ ला ३९ आणि ११ दाते असतात, तर ४.८८ ला ३९ आणि ८. पिनियनचे दाते कमी झाले की पिनियन बारीक होतं. गरजेपेक्षा मोठं गुणोत्तर घेऊ नका.

३. शाफ्ट

शाफ्ट म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा. भरीव शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनानुसार वाढते. ३१ स्प्लाइनचा (टोकावरच्या लांबट खाचांचा) शाफ्ट साधारण ३३ मिलिमीटर, ३५ स्प्लाइनचा ३८. फरक जेमतेम ५ मिलिमीटर, पण ताकद जवळजवळ दीडपट. पोलादही महत्त्वाचं, म्हणून मिश्रधातूचे शाफ्ट घ्या. लॉकर किंवा स्पूल (दोन्ही चाकं एकत्र जखडणारे भाग) लावणार असाल तर कधीकधी जवळपास सगळा टॉर्क एकाच बाजूच्या शाफ्टवर येतो, त्या हिशेबाने जाडी ठरवा.

जुना शाफ्ट तपासायचा असेल तर बाहेर काढून स्प्लाइन उजेडात धरा. सरळ खाचा किंचित मळसूत्रासारख्या फिरलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट संपलाय. नवा बसवताना लांबीभर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. काही महिन्यांनी काढलात आणि रेघ वाकडी दिसली, तर मोडायच्या आधीच कळेल.

शाफ्ट कशाने अडकवलाय हेही बघा. ८.८ इंचीसारख्या एक्सलमध्ये तो आतून सी-क्लिपने (‘सी’ आकाराच्या छोट्या कडीने) धरलेला असतो. मोडला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. बाहेरच्या टोकाला बेअरिंगच्या प्लेटने धरणारी रचना घ्या. सुरक्षेच्या बाबतीत मी इथे तडजोड करणार नाही.

४. माप आणि जुळणी

दोन्ही फ्लँजमधलं (चाकं जिथे बसतात त्या चकत्यांमधलं) अंतर, चाकाच्या बोल्टचं वर्तुळ, स्प्रिंग किंवा आर्मच्या बसण्याच्या जागा आणि ब्रेक, हे सगळं विकत घेण्याआधी मोजा.

क्राउन-पिनियनची जुळणी जाणत्याकडूनच करून घ्या. उत्पादकाने दिलेला बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) आणि दात्यांवर रंग लावून उमटलेला ठसा, दोन्ही स्वतः बघा. ठसा दात्याच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी सरकलेला असेल तर शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलायला सांगा. नवीन दाते पहिल्यांदा सावकाश २०-२५ किलोमीटर चालवून पूर्ण थंड होऊ द्या, हेच आणखी एक-दोनदा करा, आणि ८०० किलोमीटरच्या आसपास तेल बदला. क्लचवाला लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारा डिफरन्शियल) असेल तर तेलात त्यासाठीचं घर्षण कमी करणारं द्रव्य घालायला विसरू नका, नाहीतर वळणावर तो कुरकुरेल.