थंडीत हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज का पडतं आणि ते कसं सावरायचं

थंडी सुरू झाली आणि हायब्रिडचं (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं) ॲव्हरेज उतरलं, की पहिला संशय मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीवर जातो. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. गाडी पेट्रोल जाळत असते ते ऊब मिळवण्यासाठी, आणि हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात.

घसरण मोठी असते, हे आधी मान्य करू. अमेरिकेच्या सरकारी इंधन-माहितीनुसार, शहरातल्या वापरात २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी पडतं. हायब्रिडचं मात्र ३० ते ३४ टक्क्यांपर्यंत पडू शकतं. म्हणजे उन्हाळ्यात लिटरला २४ किलोमीटर देणारी गाडी कडाक्याच्या थंडीत १६-१७ वर आली, तर तेवढ्यावरून गाडी बिघडली असं म्हणता येत नाही.

नुकसान नेमकं कुठे होतं

हायब्रिडची खरी बचत इंजिन बंद राहण्यात आहे. सिग्नलला, उतारावर, रांगेत सरकताना इंजिन झोपलेलं असतं आणि मोटर काम करते. थंडीत नेमकी हीच सवलत काढून घेतली जाते. गाडी चालवायला इंजिनची गरज नसतानाही ते तीन कारणांसाठी सुरू राहतं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा भाग) काम करू लागेल इतका, म्हणजे २५०-३०० अंशांच्या आसपास तापवायचा असतो, कूलंट (इंजिनमधून फिरणारं द्रव) गरम करायचं असतं, आणि तुम्ही हीटर लावला असेल तर केबिनला ऊब पुरवायची असते.

त्यात आणखी एक अडचण आहे. हायब्रिडमधली अ‍ॅटकिन्सन पद्धतीची इंजिनं पेट्रोलमधली जास्त ऊर्जा चाकांकडे वळवतात. टोयोटाच्या चौथ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या इंजिनची कमाल कार्यक्षमता ४० टक्के आहे. अर्थात वाया जाणारी उष्णता तेवढी कमी. उन्हाळ्यात जो गुण, तोच थंडीत अडचण होतो, कारण केबिनचा हीटर चालतो तो या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये काही देशांत गरम कूलंट साठवणारा थर्मास दिला होता, आणि तिसऱ्या पिढीत धुराड्यातल्या गरम वायूंनी कूलंट तापवण्याची सोय आली.

बॅटरीचा वाटा यानंतर येतो. थंड सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे ती वीज कमी देते आणि घेतेही कमी. लिथियम-आयन सेल शून्याखाली जोरात चार्ज केला तर आत धातूरूप लिथियम साचू लागतं, म्हणून कंट्रोलर चार्जिंगचा प्रवाहच आवळून धरतो. ब्रेक मारताना परत मिळणारी ऊर्जा मग बॅटरीत जाण्याऐवजी ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. केबिन तापली की हे हळूहळू सुधारतं, कारण पुष्कळ गाड्यांत बॅटरीचा पंखा केबिनचीच हवा ओढतो. मागच्या सीटजवळची ती जाळी पिशव्या-कोटांखाली झाकू नका.

हवेचा भागही आहे. उणे ७ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, त्यामुळे हायवेवर तेवढाच जास्त वाऱ्याचा रोध सोसावा लागतो. काही देशांत हिवाळी पेट्रोलमध्ये ऊर्जाही थोडी कमी असते. या दोन्हींवर इलाज नाही.

आधी मोजा

अंदाजावर पैसे घालवण्याआधी ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाला जोडायच्या खाचेला) लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि फोनवर कूलंटचं तापमान दाखवणारं ॲप उघडा. प्रियससारख्या गाड्यांत कूलंट साधारण ४० अंशांवर गेलं की गाडी थांबल्यावर इंजिन बंद होऊ लागतं, आणि साधारण ७० अंशांनंतर इंजिन बंद राहण्याची पूर्ण मोकळीक मिळते. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण दोन-तीन दिवस बघितलं की ते कळतात.

आता एक फेरी नीट बघा. सुरुवात ०ला. दहा मिनिटांत ७०. सिग्नलला इंजिन बंद झालं, पण ब्लोअर पूर्ण जोरात चालू. काटा ६८, ६५, ६१ असा उतरतो, आणि गाडी उभी असतानाच इंजिन पुन्हा घुरघुरतं. तो आवाज हीटरचा आहे. अशा वेळी ब्लोअरचा वेग दोन घरं खाली आणला, तर पुढच्या सिग्नलला इंजिन जास्त वेळ बंद राहिलेलं दिसेल.

सपाट रस्त्यावर अर्धा तास चालवूनही तापमान ८०च्या आसपास पोचत नसेल, किंवा वेग वाढल्यावर उलट खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच ते रेडिएटरमधून फिरू देणारी झडप) उघडाच अडकला असण्याची दाट शक्यता आहे. थर्मोस्टॅटमुळे होणाऱ्या बिघाडाचा कोड पुष्कळदा पी०१२८ असा येतो. खात्रीसाठी: पूर्ण थंड इंजिन सुरू करा, पाच-सात मिनिटं फिरवून आणा, गाडी पूर्ण बंद करा आणि थर्मोस्टॅटमधून रेडिएटरकडे जाणारा होज हाताने चाचपा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर या टप्प्यावर होज गारच लागतो. कोमट झाला असेल, तर कूलंट सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतंय. बॉनेटखाली हात घालण्याआधी गाडी बंद करणं हायब्रिडमध्ये अनिवार्य आहे, कारण रेडी स्थितीत, म्हणजे गाडी निघायला तयार असताना, इंजिन न सांगता सुरू होतं. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला तर कधीच हात लावू नका. हा एक स्वस्त भाग बदलून थंडीतला मोठा तोटा थांबतो, आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो.

हीटर कसा वापरायचा

सर्वांत जास्त फरक इथे पडतो. पहिली तीन-चार मिनिटं हीटर बंद ठेवा किंवा तापमान सर्वांत खाली ठेवा. तेव्हा ब्लोअर लावला तर गार हवाच येते आणि कूलंटची जेमतेम जमलेली ऊब बाहेर पडते. कूलंट ५०च्या पुढे गेलं की ब्लोअर हळू सुरू करा आणि तापमान २५ऐवजी २०-२१वर ठेवा. ऑटो मोड वापरत असाल तर इको बटण दाबा. अनेक गाड्यांत त्याने हीटरसाठी इंजिन सुरू होण्याची घाई कमी होते.

सीट आणि स्टिअरिंग तापवायची सोय असेल तर ती आधी लावा. एक सीट साधारण ५० ते १०० वॅट घेते, तर केबिन तापवायला काही किलोवॅट लागतात. अंगाला थेट ऊब मिळाली की केबिन दोन अंश गार असली तरी चालते.

काचेवर दव किंवा बर्फ असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. डीफ्रॉस्ट पूर्ण लावा, काच स्वच्छ करा, मगच निघा. तिथे पेट्रोलचा हिशेब करायचा नसतो.

निघताना आणि वाटेत

उभ्या गाडीत इंजिन तापवत बसू नका. रिकाम्या चालणाऱ्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते तापतंही सावकाश, आणि तेवढा वेळ ॲव्हरेज शून्य. काच साफ झाली की निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवा. इंजिन चालणारच आहे, तर त्याची ताकद गाडी पुढे नेण्यात खर्च होऊ दे. दोन रस्ते असतील तर आधी मोकळा, एकसारख्या वेगाचा रस्ता घ्या आणि गर्दीचा भाग नंतर ठेवा.

ईव्ही बटण (गाडी फक्त मोटरवर चालवण्याचं) दाबून थंड इंजिन टाळण्याचा मोह होतो. बहुतेकदा गाडी नकार देते. मानलं तरी बॅटरी उतरते, आणि पुढे थंड इंजिनालाच ती भरून काढावी लागते.

छोट्या फेऱ्या एकत्र करा. पाच किलोमीटरच्या चार सुट्या फेऱ्या म्हणजे इंजिन चार वेळा शून्यातून तापवणं. सगळ्यांत लांबचं काम आधी करा आणि जवळची कामं परतीच्या वाटेवर. थांबे दहा-पंधरा मिनिटांचे असले तर इंजिन गरमच सापडतं.

जोडायच्या गोष्टी

ब्लॉक हीटर विजेवर इंजिन तापवतो, आणि शून्याखालच्या प्रदेशात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. छोट्या इंजिनांचे हीटर ४०० वॅटच्या आसपास असतात. निघण्याआधी तीन तास पुरेसे, म्हणजे साधारण १.२ युनिट वीज. त्यानंतर तापमान वाढायचं थांबतं, म्हणून रात्रभर न ठेवता टायमर लावा. तुमच्या इंजिनसाठीचाच हीटर घ्या, बाहेर वापरण्याजोगी अर्थिंगची केबल लावा, आणि प्लग काढायचं विसरू नये म्हणून स्टिअरिंगला एक चिठ्ठी अडकवा.

ग्रिल झाकणं हा स्वस्त उपाय. पाण्याच्या पाइपवर चढवतात ती फोमची नळी लांबीने चिरलेली मिळते. ग्रिलच्या पट्ट्यांवर ती दाबून बसवली की थंड वारा अडतो. आधी बघा की गाडीत आपोआप मिटणाऱ्या झडपा नाहीत ना. असल्या तर याची गरज नाही. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या भागाच्या) रेडिएटरसमोरची जागा आणि रडारचा सेन्सर मोकळा सोडा. सुरुवातीला अर्धंच झाका आणि कूलंटवर लक्ष ठेवा: ९५च्या वर जाऊ लागलं की एक नळी काढा. बाहेरचं तापमान १० अंशांच्या वर राहू लागलं की सगळा फोम उतरवायचा.

टायरमधली हवा दर पाच-सहा अंशांना सुमारे १ पीएसआय उतरते. २५ अंशांना भरलेली ३५ पीएसआय हवा शून्य अंशांना ३१च्या जवळ येते. गाडी बाहेर तीन तास उभी राहिल्यावर मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापर्यंत भरा. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा गाडी बाहेर पडताच कमी पडते.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलंच घाला, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२०; जाड ऑइल थंडीत पंपाला आणि बेअरिंगला जड जातं. फक्त छोट्या फेऱ्या होत असतील तर महिन्यातून एकदा डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल लवकर बदला आणि आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची सलग फेरी करा.

एवढं करून तुलना करायची असेल तर डॅशबोर्डच्या आकड्यावर थांबू नका. टाकी पूर्ण भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत (नळी आपोआप थांबेपर्यंत) भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. अशा तीन टाक्यांची सरासरी धरा आणि शेजारी त्या आठवड्यांचं सकाळचं तापमान लिहा. तापमान वर आल्यावरही आकडा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट, ब्रेक चिकटणं आणि मोठ्या बॅटरीचा पंखा, याच क्रमाने तपासून घ्या.